मासा लपवू नकोस, बिल लपवलंस तरी चालेल

पत्र (थोडं कापून):

ताई, नमस्कार. मी चार वर्षांपासून दक्षिण कोरियात, सुवॉनला राहते. आई-बाबा मे महिन्यात पहिल्यांदाच इकडे येतायत, बारा दिवसांसाठी. बाबांना मार्चमध्ये साठ पूर्ण झाली. सांगलीला शांत झाली तेव्हा मला रजा मिळाली नाही, मी व्हिडिओ कॉलवर होते. म्हणून ठरवलंय की त्यांना इथलं पारंपरिक, राजेशाही थाटाचं जेवण घालायचं. सोलमधलं एक हानजॉंगशिक रेस्टॉरंट मनात आहे. ऑफिसच्या टीमबरोबर तिथे गेले होते. हिरवट सेलाडॉनची भांडी, कागदी दारांची खोली, एकामागून एक येणारे पंधरा-सोळा पदार्थ. जेवताना सारखे बाबा आठवत होते. माणशी नव्वद हजार वॉन. अडचण अशी की आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. रेस्टॉरंटवाले म्हणाले, मांस-मासे काढून देऊ, पण किमची (इथलं आंबवलेल्या भाजीचं लोणचं), सूप आणि भाज्यांचा मसाला बदलता येणार नाही. नवरा म्हणतो, "आईंना एवढं सांगायचं कशाला? चवीला कळतही नाही." बाबा मटण खातात, पण प्रत्येक गोष्टीचे रुपये करतात. मागे पुण्यात मी जेवायला नेलं, तर हात धुवायला जातो म्हणून उठले आणि बिल भरून आले. इथली किंमत कळली तर त्यांना घास उतरणार नाही. भाऊ म्हणतो, सरळ इटेवॉनला इंडियन रेस्टॉरंटमध्ये ने, सगळे सुखी. काय करू? मला अगं-तुगंच करा.
— सुवॉनची लेक

उत्तर:

सुवॉनच्या लेकी,

आधी नवऱ्याच्या म्हणण्याचं बघू, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. चवीला कळत नाही हे त्याचं खरं आहे. सोलमध्ये सतरा वर्षं काढून मलाही दर वेळी कळत नाही. पण आई त्या टेबलावर जिभेच्या भरवशावर जेवणार नाहीये, तुझ्या भरवशावर जेवणार आहे. तिला भाषा येत नाही, लिपी वाचता येत नाही, समोरच्या वाटीत काय आहे ते विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही. ती तुझ्याकडे बघून "हे चालेल ना गं?" म्हणेल आणि तू मान हलवशील. ती मान खरी हलायला हवी.

"मांस-मासे काढून देऊ" म्हटल्यावर मागे काय उरतं, तेही सांगते. किमचीत मिठात मुरवलेली बारीक कोळंबी असते, आपल्या जवळ्याच्या जातीची. तिला सेउजॉत म्हणतात. ती नसली तर माशांचा आंबवलेला रस असतो, बहुतेकदा दोन्ही. सूप आणि द्वेनजांगची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची आमटी वाळवलेल्या छोट्या माशांच्या पाण्यात शिजते. जापचे, म्हणजे रताळ्याच्या पिठाच्या त्या चकचकीत शेवया, त्यात गोमांसाचे धागे परतलेले असतात. स्वयंपाकी ते वेचून काढेल, पण तेल तेच राहील. समुद्री शेवाळाचं सूप गोमांसाच्या रश्शात करायची पद्धत आहे. भोपळ्याचे, झुकिनीचे ते सोनेरी काप अंड्यात बुडवून तळलेले असतात. यात कोणी फसवाफसवी करत नसतं. त्यांच्या लेखी तो मसाला आहे, आपण हिंग-मोहरी धरतो तसा. "भाजीत मांस आहे का?" असं विचारलं तर "नाही" हे प्रामाणिक उत्तर असतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा मीही अशीच उत्साहात त्यांना घेऊन गेले. बावीस वाट्या टेबलावर. मी एकेकीकडे बोट दाखवत "हे व्हेज, हे व्हेज, हे नका घेऊ" असं सांगत होते. झुकिनीची परतलेली भाजी त्यांना आवडली, दोनदा घेतली. तिसऱ्यांदा घेताना चमचा थांबला. त्यांनी भाजीतून काहीतरी बोटावर घेतलं आणि चष्मा वर करून पाहिलं. तांदळाच्या कणीएवढी कोळंबी, आणि तिचा काळा ठिपक्याएवढा डोळा. झुकिनी इथे त्याच कोळंबीच्या मिठात परततात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. चमचा खाली ठेवला आणि पाणी प्यायल्या. पुढचे आठ दिवस माझ्या घरात, माझ्या हातचं खातानासुद्धा त्या आधी ताटाकडे बघायच्या, मग माझ्याकडे, मग घास घ्यायच्या. आणि मी तर मुद्दाम काही केलंही नव्हतं. तुझा नवरा मुद्दाम करायला सांगतोय.

आता तुला थोडं लागेल असं बोलते. तुझं मूळ पत्र दोन पानी आहे, इथे कापून दिलंय. त्यात भांड्यांबद्दल पाच ओळी आहेत, कागदी दारांबद्दल तीन, आणि आई काय आवडीने खाते याबद्दल एकही नाही. ज्या जेवणाने तू भारावलीस ते तुला त्यांना दाखवायचंय, आणि शांतीला गेले नाही ही टोचणी त्यात मिसळून माणशी नव्वद हजारांचा आकडा तयार झालाय. दोन्ही गोष्टी मला समजतात. पण कोरिया दाखवायचा असेल तर राजवाडा आहे, हान नदी आहे, तुमच्या सुवॉनचा ह्वासॉंग किल्ला आहे. तो तर १९९७ पासून जागतिक वारसा आहे आणि तुझ्या दारात आहे. जेवायला घालणं वेगळं. तिथे पाहुण्याचं पोट भरावं लागतं.

हानजॉंगशिक वाईट म्हणून मी नको म्हणत नाही. मला ते फार आवडतं, आणि आई-बाबांना समजेलही. आपल्या भरलेल्या ताटाला इतकं जवळचं दुसऱ्या कुठल्या देशाचं जेवण मी पाहिलेलं नाही. ताटात डावी बाजू, उजवी बाजू असते ना आपल्याकडे? इथेही भात डावीकडे, सूप उजवीकडे. उलटं मांडायचं ते पितरांच्या पानाला. ते ऐकून आई लगेच मान डोलावेल. वाट्या मोजायची रीतही आहे. तीन, पाच, सात, नऊ अशा चढत्या मानाने, आणि राजाला बारा. त्यात भात, सूप, किमची, सॉस मोजायचेच नाहीत, ते धरलेलेच असतात. आपणही मीठ-लिंबाला पदार्थ म्हणत नाही, तसंच. भरगच्च जेवणाला कोरियन माणूस म्हणतो, टेबलाचे पाय मोडतील इतकं वाढलंय. चॉल्ला प्रांतात, जॉन्जूच्या बाजूला काही ठिकाणी अजूनही वाढलेलं अख्खं टेबलच दोघं जण उचलून खोलीत आणून ठेवतात. ते पाहिल्यावर पहिल्यांदा मी टाळ्याच वाजवल्या होत्या.

पण सोलमधली महागडी हानजॉंगशिक आता एकेक पदार्थ आणून देतात, आणि तिथे आपल्या वडीलधाऱ्यांची एक ठरलेली गंमत होते. आपल्याकडे जेवण वरणभाताने सुरू होतं. इथे आधी चमचाभर लापशी येते, भोपळ्याची नाहीतर चिलगोज्यांची, मग थंडगार पाण्यातली किमची, मग सॅलड, मग तळलेलं, मग उकडलेलं, आणि भात अगदी शेवटी. आई-बाबा पहिला तासभर "जेवण कधी येणार?" म्हणून हात राखून बसतात. दोन घास घेऊन वाटी बाजूला. भात येतो तेव्हा बरोबरचं अर्धं अधिक परत गेलेलं असतं. म्हणून कुठेही ने, पण बसल्या बसल्या सांग: बाबा, भात सगळ्यात शेवटी आहे, आत्ता येतंय तेच जेवण. एवढ्या एका वाक्याने निम्मं जेवण वाचतं.

तर आईला कुठे न्यायचं? देवळातल्या जेवणाला. साछाल उमशिक, म्हणजे बौद्ध मठांमधला स्वयंपाक. त्यात मांस नाही, मासे नाहीत, माशांचा रस नाही, आणि वर कांदा-लसणाच्या कुळातलंही काही नाही. भिक्षूंना पाच उग्र गोष्टी वर्ज्य आहेत: लसूण, कांद्याची पात, बुचू नावाची लसणाच्या वासाची पात, दाल्ले नावाचा रानकांदा, आणि पाचवी... ओळख बघू. हिंग. जुन्या बौद्ध ग्रंथांतल्या यादीत हिंग आहे आणि तिचं कोरियन नाव हुंगॉ आपल्या हिंगावरूनच गेलंय. कोरियात हिंग कधी पिकलीच नाही, तरी वर्ज्य म्हणून ती शतकानुशतकं यादीत बसून आहे. आई चातुर्मासात कांदा-लसूण सोडत असेल तर तिला हे सांग. हिंगसुद्धा सोडायची म्हटल्यावर तिचा चेहरा कसा होतो ते मला कळव.

सोलमध्ये यासाठी सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे बारु गोंगयांग. इन्सादोंगला, जोग्येसा देवळाच्या समोर. कोरियन बौद्धांचा जो सर्वांत मोठा जोग्ये संप्रदाय आहे, त्यानेच चालवलेलं. रेस्टॉरंटांना तारे देणारी ती मिशेलिन मार्गदर्शिका, तिची सोलची पहिली आवृत्ती २०१७ ची. तिच्यात त्याला एक तारा मिळाला होता. नवऱ्याला हे सांग, त्याला बरं वाटेल. नावाचा अर्थ, भिक्षू आपापल्या लाकडी भांड्यांतून घेतात ते जेवण. मठात ते जेवताना शीतही टाकत नाहीत, शेवटी भांडी पाण्याने विसळून ते पाणी पितात. रेस्टॉरंटमध्ये तुम्हाला कोणी तसं करायला लावणार नाही, घाबरू नकोस. पण बाबांना ही माहिती जेवणाआधी दिलीस तर ते एकही वाटी अर्धी ठेवणार नाहीत. मी त्यांना ओळखत नाही, पण रुपये मोजणारे बाबा ओळखते.

पानावर काय येईल ते ऋतूप्रमाणे बदलतं, पण आईला ओळखीचं बरंच भेटेल. कमळकाकडी, तिळाचं तेल, आलं, भोपळा, मुगाच्या स्टार्चची जेलीसारखी वडी. कमळाच्या पानात गुंडाळून वाफवलेला भात असेल तर पान उघडताना जो वास येतो, तो हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण करून देतो. वास वेगळा, पण आठवण तीच. मे महिना म्हणजे डोंगरातल्या पालेभाज्यांचा हंगाम नुकताच सरत आलेला. या भाज्या नुसत्या उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, तेल आणि आंबवलेल्या सोयाच्या रसात कालवतात. नामुल म्हणतात त्यांना. पावसाळ्यात बाजारात टाकळा, कुर्डू घेऊन बसलेल्या बायका आठव. आईला सांगताना "रानभाजी" हा एकच शब्द वापर, "वाइल्ड ग्रीन्स" वगैरे नको. तिला पुढचं आपोआप कळेल. नेच्याचे कोवळे कोंबही येतात वाळवून भिजवलेले, ते मात्र काय आहे ते खाऊन झाल्यावर सांगितलंस तरी चालेल. वनस्पतीच आहे.

एका गोष्टीची धास्ती आहे मला. अळंबी. मठातल्या स्वयंपाकाचा सगळा रसरशीतपणा अळंबीवर आणि समुद्रातल्या केल्प नावाच्या शेवाळावर उभा आहे, कारण माशाचं पाणी वापरायचं नाही म्हटल्यावर रश्शाला धरायला दुसरं काही नाही. आपल्याकडे बऱ्याच शाकाहारी घरांत अळंबी चालत नाही. "ते भूछत्र" म्हणून बायका तोंड फिरवतात. तुझ्या घरी चालते का, हे तुझ्या पत्रात नाही. चालत नसेल तर रेस्टॉरंटला आधी सांगावं लागेल, आणि ते कितपत सांभाळतील ते त्यांच्याकडूनच कळेल. शेवाळ शाकाहारी आहे, पण त्याला समुद्राचा वास येतो आणि त्या वासाने आई बिचकेल. आधीच सांग: हे पाण्यातलं गवत आहे, वास येतो, मासा नाही. आणि हे जेवण मऊ, कमी तिखट असतं. सांगलीच्या जिभेला मिळमिळीत वाटणार. पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढू देऊ नकोस. त्यात लसूण असते, आणि ते घर देवळाचं आहे. हिरवी मिरची मागितली तर बहुधा मिळते. मिरचीवर भिक्षूंचा राग नाही.

बाकीचं पटकन सांगते. फोन कर, नुसतं ॲपवर टेबल ठरवू नकोस. "पुमोनिम मोशिगो कायो" म्हण, आई-वडिलांना घेऊन येतेय. त्यातलं "मोशिगो" मोठ्यांसाठीचं आहे आणि ते ऐकल्यावर पलीकडचा आवाज बदलतो. स्वतंत्र खोली मिळते का विचार, खुर्च्या आहेत का तेही विचार. जमिनीवर बसायचं असेल तर आईच्या गुडघ्यांचा दीड तास तुला झेपणार नाही. दुपारचं ठरव. संध्याकाळी आपली माणसं साडेआठला भुकेजतात आणि इथली स्वयंपाकघरं तोवर आवरायला लागतात. दुपारी तीन ते पाच बऱ्याच ठिकाणी बंदच असतं, त्यामुळे बाराची वेळ घे. दुपारचं जेवण स्वस्तही पडतं. बहुतेक ठिकाणी पूर्ण टेबलाने एकच कोर्स घ्यावा लागतो, तेव्हा "आईला एकटीला शाकाहारी" हा प्रकार तुझ्या त्या रेस्टॉरंटमध्ये तसाही कसनुसाच झाला असता. पाणी बर्फासारखं येईल, कोमट मागून घे. धातूच्या चपट्या काड्या निसटतात, चमचा असतोच. भात इथे चमच्यानेच खातात, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. वाढणारी बाई आईला "ऑमॉनिम" म्हणेल, म्हणजे आईच. अर्थ आधी सांगून ठेव. आणि तारीख पक्की करण्यापूर्वी भिंतीवरचं कॅलेंडर बघ. एवढं सगळं करून नेमकी एकादशी निघाली असं माझ्या मैत्रिणीचं झालंय.

आठ मे टाळ. त्या दिवशी इथे आई-वडिलांचा दिवस असतो. १९५६ पासून तो मातृदिन होता, १९७३ मध्ये वडिलांनाही त्यात घेतलं. अख्खा देश छातीला कार्नेशन लावलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन जेवायला बाहेर पडतो. टेबल मिळणार नाही, मिळालं तर निवांतपणा मिळणार नाही. पण फूल मात्र घरी आण. त्याच सुमारास, मागेपुढे, बुद्धजयंती येते. आपली वैशाख पौर्णिमा, इथे चांद्र चौथ्या महिन्याची अष्टमी. जोग्येसाच्या अंगणावर तेव्हा हजारो रंगीत कागदी कंदिलांचं छत असतं. जेवणाआधी अर्धा तास तिथे घालव. आई देवळात गेल्यावर मोकळी होते, हे सांगायला मी तिला भेटायची गरज नाही.

आता साठीचं. फोनवर बोलताना "आबॉजी ह्वानगाप" एवढं नक्की सांग, वडिलांची साठी. कोरियात साठी का साजरी करतात माहितेय? त्यांच्या कालगणनेत वर्षांची साठ नावं आहेत. साठ झाली की जन्मवर्षाचं नाव पुन्हा येतं, चक्र पुरं होतं. प्रभव, विभव, शुक्ल करत आपली साठ संवत्सरं पुरी होतात आणि आपण षष्ट्यब्दीपूर्ती करतो, अगदी तेच. पूर्वी इथे त्या दिवशी फळं आणि मिठाया हातभर उंच रचून म्हाताऱ्यांना त्यामागे बसवायचे, आणि मुलं-सुना जमिनीला कपाळ टेकून नमस्कार करायच्या. आता माणसं साठीला तरुणच असतात, तेव्हा बहुतेक जण घरच्यांसोबत एक चांगलं जेवण करतात नाहीतर सहलीला पाठवतात. पण नमस्काराचा अर्थ सगळ्यांना कळतो. म्हणून म्हणते, खोली मिळाली तर भात यायच्या आधी उठून दोघांना वाकून नमस्कार कर. दार उघडून कोणी आलंच तर त्या बाईला काहीही समजावून सांगावं लागणार नाही. शांतीला न गेल्याची टोचणी तुला बोलून काढायची असेल तर तिथेच काढ, दोन वाक्यांत. बिलाच्या आकड्यातून बाबांना ती कधीच कळणार नाही. औक्षण मात्र सकाळी घरी. कागदी दारांच्या खोलीत निरांजन पेटवू नकोस, फायर अलार्म वाजतो.

बाबांच्या मटणाचं राहिलं. "मटण खातात" म्हणजे नक्की काय खातात, हे त्यांना स्पष्ट विचार. सुवॉन काल्बीसाठी, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्यांसाठी नावाजलेलं आहे, तुझी टीम मोठ्या अभिमानाने तेच सुचवेल, आणि ती काल्बी गोमांसाची असते. बोकड, कोंबडी, मासे एवढंच चालत असेल तर तुमच्याच पाल्दालमुन दरवाजाजवळची तळलेल्या कोंबडीची गल्ली आहे. अख्खी कोंबडी मोठ्या कढईत तळून पुढ्यात ठेवतात, बरोबर आंबट-गोड मुळ्याचे तुकडे. एका संध्याकाळी आईला नवऱ्यासोबत घरी ठेव आणि फक्त बाबांना घेऊन जा. नवऱ्याला सांग, तोवर सासूबाईंकडून आमटी शिकून घे. मुलगी आणि वडील असे दोघंच जेवायला बसायचा प्रसंग आपल्याकडे लग्नानंतर जवळजवळ संपतोच. त्या गल्लीत किंमतही अशी आहे की रुपये केले तरी घास उतरेल.

आणि रुपयांबद्दल. तू मांडलंयस तसं ते फक्त काटकसरीचं असेल असं मला वाटत नाही. "हात धुवायला जातो" म्हणून बिल भरून येणारा माणूस कंजूष नसतो. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये म्हणणारी पिढी बाबांच्या आधीची, पण ते मनातून पुरतं पुसलं गेलेलं नसतं. लेक आपल्यावर खर्च करतेय हे त्यांना बघवत नाही आणि तसं बोलताही येत नाही, म्हणून ते हिशेब बोलतात. तेव्हा बिल तू आधीच भरून टाक. इथे बिल दाराजवळच्या काउंटरवर भरतात, वर टीप नसते, कर दरातच धरलेला असतो, त्यामुळे काम दोन मिनिटांचं आहे. आल्या आल्या कोट ठेवायच्या निमित्ताने उरकून घे. जेवताना विचारलंच तर "जेवण झाल्यावर सांगते" म्हण. झाल्यावर पुन्हा विचारलं तर खरा आकडा सांग. मासा लपवायचा नाही म्हटलं तो नियम इथेही आहे, फक्त बिलाला तासाभराची सवलत आहे. नव्वद हजारांच्या जागी दुपारचा बेतातला कोर्स घेतलास तर आकडाही ऐकवेल असा होईल. आधीच्या बेताचे चौघांचे बावीसेक हजार रुपये होत होते. खरं सांगू, मलाही घास उतरला नसता.

मग चहा बाबांना पाजू दे. इन्सादोंगमध्ये जुन्या पद्धतीची चहाघरं गल्लीगल्लीत आहेत. दालचिनी-आल्याचा सुजॉंगग्वा मिळतो, भाताचा गोड शिख्ये मिळतो, पाच चवींचा म्हणतात तो लालचुटुक ओमिजाचा चहा मिळतो. दालचिनी-आल्याचा आईला पहिल्या घोटात आवडेल. सकाळी घरून निघतानाच बाबांच्या खिशात पन्नास हजार वॉनची एक नोट ठेव आणि म्हण, चहा तुमच्याकडून. ते म्हणतील तुझेच पैसे आहेत. म्हणू दे. त्या नोटेवर शिन साइमदांग नावाच्या चित्रकार बाईंचं चित्र आहे, आणि पाच हजारांच्या नोटेवर त्यांच्या मुलाचं, यी ई या विद्वानाचं. आई मोठ्या नोटेवर, मुलगा छोट्या. सुट्टे परत आले की बाबांना दोन्ही शेजारी ठेवून दाखव. रुपयांचा विषय तिथे नक्की पाचेक मिनिटं मागे पडतो, माझा अनुभव आहे.

भावाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. बारा दिवसांत पाचव्या-सहाव्या दिवशी दोघं पोळीसाठी कासावीस होतील, त्या दिवशी इटेवॉनला ने. ते जेवण साठीचं नव्हे, सुटकेचं. आणि देवळाच्या जेवणाच्या रात्री घरी कुकर लाव. दुपारी कितीही वाट्या झाल्या तरी आठ वाजता बाबा "थोडा मऊ भात असेल तर..." म्हणणारच, आणि तेव्हा "एवढं खाल्लंत की!" असं तोंडातून जाऊ देऊ नकोस.

त्या पहिल्या रेस्टॉरंटला नवऱ्याबरोबर जा, लग्नाच्या वाढदिवसाला. त्याला कोळंबी चालते.

बारु गोंगयांगला फोन याच आठवड्यात कर, मे महिन्याची टेबलं लवकर जातात. पण त्याच्याही आधी आईला लाव, आणि अळंबीचं विचार.